मीटरवरचे २९१४ तास

दान आलेली उपकरणं तपासायच्या नोकरीला मी २०२३ च्या जूनमध्ये लागले. हातात एक्सेलची शीट, संस्थेचं ओळखपत्र आणि चार जिल्ह्यांतल्या सरकारी दवाखान्यांची यादी. यंत्रांमधलं मला काही म्हणता काही कळत नव्हतं. मी एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्य शिकलेली. मुलाखतीत एवढंच विचारलं होतं, "एकट्या फिराल का?" फिरेन म्हटलं, घेतलं. आता दरवर्षी नवीन मुलं-मुली या कामाला येतात आणि मी ज्या खड्ड्यात पडले त्याच खड्ड्यात पडतात, म्हणून हे लिहितेय. फॉर्म कसा भरायचा, टीए-डीएचं बिल कुठे अडतं, ते ऑफिसात कळेलच.

आमची निम्मी यादी कोविडच्या दुसऱ्या लाटेतली. एप्रिल २०२१ मध्ये ब्रिटनने पहिल्या मदतीत ४९५ ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारी मशीनं) जाहीर केले, पहिली खेप २७ एप्रिलला दिल्लीत उतरली. मग इतर देशांची विमानं. सरकारी मदत रेड क्रॉसच्या नावाने यायची आणि एचएलएल लाइफकेअर ही सरकारी कंपनी ती पुढे पोचवायची. शिवाय परदेशातल्या आपल्या मंडळींनी, डॉक्टरांच्या गटांनी वर्गणी काढून मशीनं पाठवली ती वेगळीच. ३ मेपासून फुकट वाटायच्या कोविड साहित्यावरचा आयजीएसटी (आयातीवरचा कर) माफ झाला, मग तर ओघच लागला. किती खोकी उतरली याचा आकडा तेव्हा रोज पेपरात यायचा. त्यातली काही खोकी दोन वर्षांनी कुठल्या कोपऱ्यात आहेत हे बघायला माझ्यासारखी एसटीने जाते.

तर तो खड्डा.

ऑगस्ट २०२३. एका आदिवासी तालुक्यातलं ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय. अधीक्षक मीटिंगला गेलेले, इन्चार्ज सिस्टरांनी चहा मागवला. मी विचारलं, "मशीन चालू आहे ना?" त्या म्हणाल्या, "हो, चालू आहे की." मामांनी (दवाखान्यातल्या शिपायांना सगळे मामाच म्हणतात) मशीन ढकलत आणलं, प्लग लावला, घरघर सुरू झाली, हिरवा दिवा लागला. मी फोटो काढला. समोरच्या छोट्या खिडकीत तासांचा आकडा दिसत होता, २९१४. कॉन्सन्ट्रेटर एकूण किती तास चालला ते हा मीटर मोजतो आणि तो सहसा मागे फिरवता येत नाही, एवढं मी यूट्यूबवर शिकून गेले होते. मला कोण आनंद झाला! पावतीवर ऑगस्ट २०२१ ची तारीख. दोन वर्षं म्हणजे ७३० दिवस. २९१४ भागिले ७३०. दिवसाला सरासरी ४ तास! मी तसंच लिहिलं. देणगीदारांच्या वार्षिक अहवालात ते वाक्य फोटोसकट छापून आलं. फोटोत मीही आहे, कडेला, अर्धी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा गेले. मीटर २९२१. सहा महिन्यांत ७ तास. मला वाटलं मी चुकीच्या मशीनसमोर उभी आहे. सिरियल नंबर ताडून पाहिला, तोच. मशीन बिघडलं का म्हणून विचारलं, तर नाही. मी गोंधळलेली बघून मामाच म्हणाले, "ताई, ही इथे आली तेव्हाच जुनी होती. शहरातलं कोविड सेंटर बंद झालं ना, तिथली. खाली बघा, लिहिलेलं असंल." आम्ही दोघांनी मशीन आडवं केलं. तळाला चिकटपट्टी, तिच्यावर मार्करने, कोणा तंत्रज्ञाच्या अक्षरात: २८७६, १४/८.

म्हणजे २९१४ पैकी २८७६ तास शहरातल्या त्या तात्पुरत्या केंद्रात गेलेले. १२० दिवस रात्रंदिवस चालवलं तर २८८० तास होतात, लाटेच्या चार महिन्यांचा हिशेब बरोबर बसतो. आणि मी ज्या दवाखान्याची पाठ थोपटली तिथे दोन वर्षांत मशीन चाललं ३८ तास. माझी सरासरी दिवसाला ४ तास, खरी सरासरी दिवसाला ३ मिनिटं.

हे पुन्हा सांगते, कारण ऐकताना सगळे मान हलवतात आणि पहिल्याच व्हिजिटला विसरतात. मीटरचा आकडा मशीनचा असतो, दवाखान्याचा नसतो. तुम्हाला दवाखान्याचा आकडा हवा असेल तर मशीन त्या दारातून आत आलं त्या दिवशीचा आकडा हवा. तो नसेल तर आजचा लिहून ठेवा, मागच्या दोन वर्षांबद्दल एक शब्द लिहू नका आणि पुढच्या वेळी वजाबाकी करा. मशीन एका दवाखान्यातून दुसऱ्यात गेलं की निघताना एक आकडा, पोचल्यावर एक. हस्तांतरणाच्या पावतीत सिरियल नंबर असतो, मॉडेल असतं, देणगीदाराचं नाव ठळक असतं, आणि मीटरची ओळच नसते. मी आता ती पेनने वाढवते आणि समोरच्याची सही घेते. काही मशीनांवर मीटर मागच्या बाजूला किंवा स्क्रीनच्या मेनूत लपलेला असतो. सापडत नाही म्हणून सोडून देऊ नका. एकाच मशीनचा मीटर तीन वेळा तीन तारखांना बघितल्याशिवाय माझ्या तोंडून आता "वापर" हा शब्द निघत नाही.

आणि "चालू आहे ना?" हा प्रश्न तर विचारूच नका. आपल्याकडे "चालू" म्हणजे बिघडलेलं नाही, बस्स. शाळेची बसही चालू असते आणि रिकामी उभी असते. त्याऐवजी विचारा, "शेवटचा पेशंट कधी लावला होता?" त्यावर सिस्टर एकतर लगेच सांगतात ("अहो, परवाच, त्या निमोनियाच्या बाळाला") नाहीतर मामांकडे बघतात. मामांकडे बघितलं की समजा.

पण म्हणून लगेच दवाखान्याला दोष देऊन मोकळं व्हायचं नाही. पहिल्या वर्षी मी तेच करत होते, आता लाज वाटते. त्या रुग्णालयात मशीन का पडून होतं? त्यांच्याकडे जम्बो सिलिंडर होते. सिस्टर म्हणाल्या, "लाईट गेली की मशीन गप्प होतं, सिलिंडर गप्प होत नाही." यावर मी काय बोलणार? शिवाय नाकात लावायच्या नळ्या आणि ह्युमिडिफायरच्या बाटल्या संपल्या होत्या, आणि दान आलेल्या मशीनच्या फुटकळ सामानासाठी कुठल्या हेडखाली पैसे टाकायचे हे कोणालाच माहीत नव्हतं. खरी गोम याहून खोल आहे. वापरलेलं मशीन बिघडतं. बिघडलं की निर्लेखनाचा (नोंदवहीतून काढून टाकायचा) प्रस्ताव, आणि ऑडिटमध्ये पॅरा, म्हणजे आक्षेप, निघाला तर ज्याच्या चार्जमध्ये स्टोअर त्याच्या गळ्यात. कपाटात ठेवलेलं मशीन कधीच कोणाच्या गळ्यात येत नाही. तुम्ही स्टोअरच्या माणसाच्या जागी असता तर काय केलं असतं? मी तरी कुलूप लावलं असतं.

कुलूप लावल्याने मशीन टिकतं असंही नाही. आतल्या झिओलाइटला (हवेतला नायट्रोजन शोषून घेणारे खडे) दमट हवा बाधते, पावसाळेच्या पावसाळे पडून राहिलं की ऑक्सिजनची शुद्धता उतरते. तशी ती ९० टक्क्यांच्या वर असायला हवी. सुरू केल्यावर तिथपर्यंत पोचायलाही काही मिनिटं लागतात, म्हणून दोन मिनिटांची घरघर ऐकून सही करू नका. दहा मिनिटं चालू द्या, तेवढ्यात चहा प्या, मग अॅनालायझर (शुद्धता मोजायचं यंत्र) लावा. अॅनालायझर ऑफिस देत नाही म्हणाले तर भांडा. मी भांडले, सात महिन्यांनी मिळाला.

अमेरिकेतून आलेल्या मशीनची पाटी आधी वाचा. ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झ असेल तर ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरेल, हर्ट्झ आपल्याकडचे ५० च राहणार. कंप्रेसर हळू फिरतो आणि तापतो. एका ठिकाणी असली दोन मशीनं ट्रान्सफॉर्मरसकट जळाली होती आणि शीटवर शेरा होता, "स्टाफच्या निष्काळजीपणामुळे".

नवीन मुलांना वाटतं, दान फुकट जातं आणि सरकारी सामान नीट चालतं. २०१५ च्या सुमाराला केंद्र सरकारच्या बायोमेडिकल (वैद्यकीय उपकरणांच्या) देखभाल कार्यक्रमासाठी देशभर मोजदाद झाली होती: २९,११५ आरोग्य संस्था, ७,५६,७५० उपकरणं, आणि राज्याराज्यांत १३ ते ३४ टक्के बंद. त्या कार्यक्रमाचं उद्दिष्ट जिल्हा रुग्णालयात ९५ टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ८० टक्के वेळ उपकरण सुरू राहावं असं आहे. म्हणजे प्राथमिक केंद्रात पाचातला एक हिस्सा वेळ उपकरण बंद असणार हे सरकारनेही धरूनच ठेवलाय. दानाच्या वस्तूची अडचण एकच जास्त: ती जडसंग्रह नोंदवहीत (डेडस्टॉकच्या रजिस्टरात) चढलेली नसली तर कागदावर ती नाहीच, आणि नसलेल्या वस्तूची तक्रार कोण नोंदवणार? म्हणून पोचल्याबरोबर मशीन बघायला धावू नका. आधी डेडस्टॉकचं रजिस्टर मागा.

शॉर्टकटबद्दल माझं मत तिखट आहे. जीपीएसचा शिक्का मारणाऱ्या कॅमेऱ्याच्या फोटोवर सध्या सगळ्या संस्था खूश असतात. अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, सगळं फोटोवर उमटतं. त्यातून एवढंच सिद्ध होतं की फोटो काढणारा तिथे उभा होता. मला एकदा व्हॉट्सअॅपवर दोन आरोग्य केंद्रांतून दोन फोटो आले. मशीनच्या उजव्या कोपऱ्याला तोच एक ओरखडा. केंद्रांमध्ये अंतर ११ किलोमीटर, मशीन मोटारसायकलवर गेलं असणार. सिरियल नंबरच्या पाटीचा जवळून फोटो मागा, आणि सोबत रजिस्टरचं पान, पेशंटची नावं झाकून. मूल्यमापनाचे ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्सही मी दोन केले. एकातही मामांचा उल्लेख नाही.

सरांबद्दलही, म्हणजे ऑफिसातल्या माझ्या वरिष्ठांबद्दल, लिहायला हवं. चूक कळल्यावर मी एसटी स्टँडवरून त्यांना फोन केला, जवळजवळ रडतच. ते म्हणाले, "कोणी विचारायच्या आत दुरुस्ती पाठव. आकडा तुझा होता, दुरुस्तीही तुझ्याच नावाने जाऊ दे." मी पाठवली. तीन ओळींची मेल लिहायला चार तास लागले. देणगीदारांचं उत्तर दोन दिवसांनी आलं, शांत, एकच प्रश्न: बाकीच्या मशीनांचं काय? बाकीची ४२ होती. सुरुवातीचा आकडा त्यातल्या ९ मशीनांचाच मिळाला. नोकरी गेली नाही. तुमचीही जाणार नाही, घाबरू नका. चुकीचा आकडा दडवलेल्यांची गेलेली मी पाहिली आहे. पण सरांवर माझा अजून थोडा राग आहे. बारा वर्षं या कामात असलेल्या माणसाने निघताना "पावतीवर मीटर लिही" एवढं सांगायला काय हरकत होती? ते म्हणतात, सांगून कोणी शिकत नाही. मला हे पटत नाही, म्हणून मी सांगत सुटते.

ते मशीन पुढे कामाला लागलं, त्याचीही गंमत. २२ किलोमीटरवरच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात लहान मुलांचे निमोनियाचे पेशंट यायचे, सिलिंडर वेळेवर मिळायचे नाहीत, आणि सोलरचा बॅकअप होता. मशीन तिकडे हलवावं हे सगळ्यांना मान्य. पण ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आणि प्राथमिक केंद्र जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे. दोन ऑफिसं, दोन आवक-जावक. त्यात देणगीदारांची लेखी संमती हवी, कारण दानपत्रात रुग्णालयाचं नाव. आठ महिने आणि सहा पत्रं लागली. कोणीही मुद्दाम अडवलं नाही, प्रत्येक टेबलावर माणूस चांगलाच होता. तुमच्या हातात असं काही आलं तर पहिल्याच दिवशी दोन्ही ऑफिसांना एकच पत्र, दोघांच्या नावाने लिहा. आमचे तीन महिने तिथेच वाचले असते.

निघताना मी मीटर लिहून घेतला, २९२३. पोचल्यावर पुन्हा २९२३, तिथल्या सिस्टरांची सही. त्या दर महिन्याला फोटो पाठवतात. परवाच्या फोटोत ३१०६ होते. सोबत रजिस्टरचं पान नव्हतं. मी फोन लावून पान मागितलं.