खिडकीला एक माप नसतं, तीन असतात

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका बंगल्यासाठी मी स्केचअपमध्ये, म्हणजे थ्रीडी मॉडेल काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, खिडकी काढली होती. पाच फूट बाय चार फूट, प्लॅनवर होती तशीच. ॲल्युमिनियमवाल्यांचा फोन आला, "ताई, माप पाठवा." मी मॉडेलवर टेप टूल फिरवलं आणि आलेला आकडा पाठवून दिला. खिडक्या साइटवर आल्या त्या दिवशी सहापैकी एकही बसेना. दगडी चौकटीपेक्षा रुंदीला दोन इंच तीन सूत जास्त (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), उंचीलाही तेवढंच. त्यांनी शांतपणे विचारलं, "ह्ये माप भोकाचं हाय का फ्रेमचं?" तेव्हा मला तो प्रश्नसुद्धा कळला नव्हता. सेक्शन, म्हणजे फ्रेमच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, आणि काचा पुन्हा कापल्या गेल्या. घरी जाऊन मी रडले, हे आज सांगायला हरकत नाही.

तुम्हाला स्केचअपमधलं ग्रुप, कंपोनंट (मॉडेलचे भाग वेगळे बांधून ठेवणं), पुश-पुल (पृष्ठभाग ओढून जाडी देणं) येतं असं धरून चालते. मला सांगायचंय ते मापाबद्दल, आणि सावकाश सांगणार आहे.

प्लॅनवरचं पाच फूट म्हणजे विटेपासून विटेपर्यंत, 1524 मिमी. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी खिडकीला चारही बाजूंनी ग्रॅनाइटची चौकट बसवतात. दगड 18 मिमी, त्यामागचा सिमेंट-वाळूचा माल धरा 12 मिमी. एका बाजूला 30 गेले, दोन्ही बाजूंना मिळून 60. उरले 1464. उंचीचंही तसंच: 1219 मधून 60 गेले, उरले 1159. ॲल्युमिनियमची फ्रेम याहून थोडी कमी हवी, कारण दगड आणि फ्रेम यांच्यामध्ये सिलिकॉनला जागा लागते. प्रत्येक बाजूला 3 मिमी सोडले तर फ्रेम 1458 बाय 1153. म्हणजे विटेचं माप, दगडाच्या आतलं माप आणि फ्रेमचं माप. मी पहिलं माप तिसऱ्याच्या जागी दिलं, एवढीच माझी चूक, पण सहा खिडक्यांची.

मॉडेलमध्ये तिन्ही गोष्टी वेगळ्या काढा. भिंतीतलं भोक भिंतीच्या ग्रुपमध्ये, दगडी चौकट तिच्या कंपोनंटमध्ये, फ्रेम तिसऱ्यात. नावंही तशीच द्या. एकदा ही सवय लागली की चूक करणंच अवघड होतं, खरंच.

भिंतीच्या जाडीतही हेच. नऊ इंची भिंत 230 मिमी. आतून 12 मिमी आणि बाहेरून 20 मिमी प्लास्टर झालं की ती 262 होते. खिडकीभोवतीची लाकडी पट्टी प्लास्टरवर बसते, विटेवर नाही. 230 ची भिंत काढून पट्टी चिकटवलीत तर ती प्रत्यक्षातल्या प्लास्टरच्या पोटात गेलेली असते आणि आतला कठडा खोटा दिसतो. मालक त्याच कठड्यावर तुळशीची कुंडी ठेवायचं ठरवून बसलेले असतात.

पट्टीसाठी फॉलो मी हे टूल वापरा, ते छेद कडेवरून फिरवून पट्टी तयार करतं. आधी खिडकीची कड निवडा, मग टूल घ्या, मग पट्टीच्या छेदावर क्लिक करा. छेद कडेला काटकोनात हवा. कोपरे आपोआप 45 अंशांत जुळतात. माप घेताना आकड्याच्या आधी ~ हे चिन्ह दिसलं तर ते माप अंदाजे आहे, तिथे थांबा आणि शोधा. युनिट्समधलं लेंग्थ स्नॅपिंग (मापं ठरावीक टप्प्यांवर ओढणारी सोय) पहिल्याच दिवशी बंद करा.

आता माझं ठाम मत. थ्रीडी वेअरहाउसमधून, म्हणजे तयार मॉडेल्सच्या ऑनलाइन भांडारातून, खिडकी उतरवून स्केल टूलने ताणू नका. तीन फुटांची खिडकी पाच फुटांची केली की दोन इंचांचा उभा सेक्शन सव्वातीन इंचांच्या वर जातो आणि आडवा दोन इंचांचाच राहतो. असा सेक्शन सांगलीत काय, कुठेच मिळत नाही. स्लायडिंगची दोन्ही झडपं एकाच प्रतलात काढलेली मॉडेल्सही तिथे भरपूर आहेत. खरी झडपं वेगवेगळ्या ट्रॅकवर, एकमेकांपुढे असतात. जाळी हवी असेल तर तिसरा ट्रॅक धरा, फ्रेमची खोली वाढते. हे मला पैसे भरून केलेल्या क्लासने शिकवलं नाही. एका गवंडी मामांनी शिकवलं, टेप माझ्या हातात देऊन. सॉफ्टवेअर शिकवणारे खूप भेटतील. साइटवर नेणारा एक शोधा, मग तो कुणीही असो.

पहिल्या तीन-चार खिडक्यांना तुमचा अख्खा दिवस जाईल. जाऊ द्या. माझी पाचवी खिडकी चाळीस मिनिटांत झाली.

जुनं घर असेल तर मात्र वरचं गणितही पुरत नाही. 2019 च्या पुरात पाणी शिरलेल्या गावभागातल्या एका घराचं काम गेल्या वर्षी माझ्याकडे आलं. लाकडी चौकटी डोळ्यांना सरळ दिसत होत्या. दोन्ही कर्ण मोजले तर एका खिडकीत सहा सुतांचा फरक निघाला. मी ती मॉडेलमध्ये वाकडीच काढली, चारही बाजूंची मापं वेगळी लिहिली आणि सुतारकाकांना कागद दिला. त्यांनी काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहिला, कागद खिशात घातला आणि पट्ट्या कापायला घेतल्या.