अंगठा लावण्याआधी: पुण्यात घर भाड्याने घेताना

पुण्यात भाड्याचे घर साधारण असे ठरते: शनिवारी तीन फ्लॅट बघायचे, संध्याकाळी टोकन द्यायचे, आणि आठवड्याभरात एजंट लॅपटॉप अन् अंगठ्याचे मशीन घेऊन दारात हजर. मसुदा त्याने आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर पाठवलेला असतो, पण तो कोणी वाचत नाही. तयारी करायची ती मुख्यतः त्या मसुद्याची.

ज्याला आपण सगळे भाडेकरार म्हणतो तो कागद बहुतेक वेळा भाडेकरार नसतोच, ते लीव्ह अँड लायसन्स असते. सदाशिव-नारायण पेठेतल्या वाड्यांमध्ये पिढ्यान् पिढ्या राहिलेले लोक कायद्याने भाडेकरू. त्यांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे संरक्षण आहे. त्यांचे भाडे वाढते तेही वर्षाला चार टक्क्यांच्या हिशेबाने. वाकड-खराडीतल्या टू बीएचकेमध्ये अकरा महिन्यांसाठी राहणाऱ्याला फक्त राहण्याची परवानगी असते. घरात त्याचा हक्क निर्माण होत नाही. परवाना देणे, मागे घेणे हे सगळे १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यावर चालते. परवाना मागे घेतला तर सामान हलवायला वाजवी वेळ मिळाला पाहिजे (कलम ६३), आणि पैसे घेऊन दिलेल्या परवान्यातून मुदतीआधी विनादोष बाहेर काढले तर भरपाई मागता येते (कलम ६४). कायद्याकडून तयार मिळणारे एवढेच, बाकी जे हवे ते कागदात लिहून घ्यावे लागते. २०२१ चा केंद्राचा आदर्श भाडेकरू कायदा आणि त्यातली दोन महिन्यांच्या डिपॉझिटची मर्यादा मोबाइलवर फिरत असते. तो नमुना आहे. महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो आणि त्यात लायसन्सच्या डिपॉझिटला कमाल मर्यादा नाही.

टोकन देण्याआधी मालक खरोखर मालक आहे का हे बघा. लाइट बिल म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, मिळकतकराची पावतीही नव्हे. मालकाने घर घेतले तेव्हाच्या खरेदीखताचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सारांश-उतारा, मागा. त्यावर सगळ्या मालकांची नावे असतात. नवरा-बायको दोघांच्या नावावर घर असेल तर दोघांनी करारात यायला हवे. मालक परदेशात असेल आणि त्याच्या वतीने भाऊ किंवा सासरे सही करणार असतील तर कुलमुखत्यारपत्राची प्रत वाचा. त्यात घर भाड्याने देण्याचा आणि दस्त नोंदवण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला असावा. परदेशस्थ मालकाची आणखी एक गोम आहे. देशातल्या मालकाला महिना ५०,००० रुपयांपेक्षा जास्त भाडे देत असाल तरच २ टक्के टीडीएस (भाड्यातून कापून सरकारकडे भरायचा कर) कापावा लागतो, परदेशस्थाच्या बाबतीत ही मर्यादा नाही. पहिल्या रुपयापासून कर कापायचा, तोही बराच चढ्या दराने, आणि नाही कापला तर आयकर खाते तुम्हाला धरते. असे घर घेण्याआधी सीएला एक फोन करा.

घरावर कर्ज आहे का, हप्ते चालू आहेत का, हेही सरळ विचारा. हप्ते थकले आणि बँकेने ताबा घ्यायचे ठरवले तर तुमचे अकरा महिने तिच्या लेखी फारसे मोजले जात नाहीत. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर थकबाकीदारांची यादी लावलेली असते, जिने चढताना तीही नजरेखालून घाला.

टोकन शक्यतो खात्यावरून, थेट मालकाला द्या. सोबत एक संदेश पाठवा: कोणता फ्लॅट, भाडे किती, डिपॉझिट किती, कधीपासून, आणि मालकाने व्यवहार मोडला तर टोकन पूर्ण परत. त्याचे ‘ओके’ आले की तो पुरावा झाला.

आता नोंदणी. “अकरा महिन्यांचाच आहे, नोटरी करून टाकू” असे कोणी म्हणाले तर तिथेच थांबवा. वर्षापेक्षा कमी मुदतीला नोंदणी लागत नाही हा समज इतर राज्यांतून आलेला. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, ते खोटे ठरवणे मालकाच्या अंगावर पडते. असे असूनही नोटरीवर समाधान मानू नये. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांवर मुलाचा प्रवेश हवा असेल तर नोंदणीकृत करारच लागतो, तोही अर्ज भरण्याच्या आधीच्या तारखेचा.

खर्च किती, ते एकदा मांडून बघा. भाडे २५,०००, मुदत ११ महिने, डिपॉझिट १ लाख. अकरा महिन्यांचे भाडे २,७५,०००. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेले व्याज अकरा महिन्यांचे सुमारे ९,१६७. बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे साधारण ७१० रुपये. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये. वर एजंटची मजुरी. हा खर्च निम्मा-निम्मा वाटायचा रिवाज आहे.

या हिशेबात एक गंमत दडलेली आहे. “स्टँप वाचवायला डिपॉझिट कागदावर कमी दाखवू, बाकीचे रोख द्या” असे सुचवले जाते. वरच्या उदाहरणात एक लाखाच्या डिपॉझिटवर पडणारे मुद्रांक शुल्क आहे २३ रुपये. तेवीस रुपये वाचवायला लाख रुपयांचा पुरावा सोडून द्यायचा! पूर्ण रक्कम, ती ज्या व्यवहाराने दिली त्याच्या क्रमांकासह, मसुद्यात आलीच पाहिजे.

अकरा हा आकडाही काही दगडावरची रेघ नाही. साठ महिन्यांपर्यंत शुल्काचा दर तोच आहे. मालक बरा असेल, मुलांची शाळा जवळ असेल, तर २२ किंवा ३३ महिन्यांचा करार करा आणि दर अकरा महिन्यांनी किती टक्के वाढ ते आत्ताच लिहा. नोंदणी फी एकदाच लागते आणि दरवर्षीची घासाघीस टळते.

मसुदा वाचताना पेन्सिल घेऊन बसा. बहुतेक एजंट एकच साचा वर्षानुवर्षे वापरतात आणि तो मालकाच्या बाजूला झुकलेला असतो. सर्वांत आधी लॉक-इन, म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही ते कलम, शोधा. अनेकदा तिथे फक्त लायसेन्सी (घरात राहणारा) बांधलेला असतो, म्हणजे तुम्ही सहा महिन्यांत सोडले तर दंड, मालकाने तिसऱ्या महिन्यात निघा म्हटले तर काही नाही. ‘दोन्ही पक्षांना’ हे दोन शब्द घालून घ्या. नोटिशीचा काळही दोघांना सारखा असू द्या आणि नोटीस ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर चालेल असे लिहा.

मग डिपॉझिटचे कलम. ‘घर सोडल्यावर परत’ एवढे पुरत नाही. सोडल्यावर म्हणजे कधी, यावरच सगळी भांडणे होतात. लिहायचे असे: रिकाम्या घराचा ताबा आणि किल्ल्या देतेवेळी, त्याच दिवशी, थकीत बिले आणि प्रत्यक्ष नुकसान वजा करून, वजावटीची पावती दाखवून, वापराने होणारी सामान्य झीज नुकसानात धरली जाणार नाही. रंगाचे पैसे कापण्याची प्रथा आहे, एक महिन्याचे भाडे सर्रास मागतात. द्यायचे ठरले असेल तर रक्कम लिहा, नाही ठरले तर ‘रंगकामापोटी कपात नाही’ हे लिहा. डिपॉझिट अडकू नये म्हणून शेवटचे दोन महिने भाडेच न देण्याची युक्ती प्रसिद्ध आहे, पण मसुद्यात तशी मुभा नसेल तर करारभंग तुमचाच होतो. पुढे डिपॉझिट खरोखर अडकले तर वकिलाची नोटीस आणि दिवाणी दावा हाच रस्ता. तो दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो.

मुदत संपल्यावर राहून बघू, असे मात्र करू नका. १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत बचावाची परवानगी मागितली नाही तर बाजू मांडण्याची संधीच जाते, आणि जास्तीच्या काळासाठी भाड्याच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते.

पाणी-वीज तोडण्याची धमकी हे दुसरे टोक. १९९९ च्या कायद्यातले कलम २९ पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, स्वच्छता या सोयी तोडायला मनाई करते. पण त्याची भाषा ‘भाडेकरू’ या शब्दाभोवती आहे, त्यामुळे लायसन्सवाल्याने केवळ त्यावर विसंबू नये. ‘मुदतीत कोणत्याही वादामुळे वीज, पाणी, लिफ्ट, पार्किंग बंद केले जाणार नाही’ हे वाक्य मसुद्यात टाका. मालकाने घरात यायचे ते किमान एक दिवस आधी कळवून, हेही त्याच परिच्छेदात बसते. पार्किंगचा नुसता उल्लेख नको, जागेचा क्रमांक हवा. आणि टँकर! उंड्री, वाघोली, बाणेर, जिथे नळाचे पाणी पुरत नाही तिथे एप्रिल-मेमध्ये टँकरची वर्गणी मेंटेनन्सच्या बाहेरून येते. ती कोणी भरायची हे ठरवून लिहिणारे हजारात दोन सापडतील.

सोसायटीच्या नावाने बरेच काही मागितले जाते. सभासद स्वतः राहत नसल्याबद्दलचे ना-वापर शुल्क, ज्याला सगळे नॉन-ऑक्युपन्सी चार्ज म्हणतात, ते सहकारी सोसायटीत सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि ते देणे सभासदाचे, म्हणजे मालकाचे. इमारत सोसायटी नसून अपार्टमेंट (फ्लॅटमालकांची असोसिएशन) असेल तर तिथे वेगळा कायदा आणि वेगळी घोषणापत्रे, म्हणून आधी ते विचारा. महापालिकेची ४० टक्के मिळकतकर सवलत स्वतः राहणाऱ्या मालकासाठी आहे. घर भाड्याने दिल्याने ती गेली तर तो फरक भाडेकरूच्या माथी मारू देऊ नका.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देणे मालकाचे काम, ते ऑनलाइन होते. हद्द मात्र बघा: वाकड, हिंजवडी पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतात, खराडी, विमाननगर पुणे शहरात. माहिती भरल्याची प्रत स्वतःकडे ठेवा, सोसायटीचे गेट तीच मागते.

अंगठ्याच्या दिवशी घोळ होतो तो क्षुल्लक गोष्टींनी. आधारचे बायोमेट्रिक लॉक असेल तर मशीन कितीही वेळा दाबले तरी नकारच येतो. ते आदल्या रात्री ॲपमधून उघडा. भांडी-कपड्यांनी झिजलेली किंवा वयाने कोरडी झालेली बोटे वाचली जात नाहीत. हात धुऊन, पुसून, बोटावर किंचित ओलसरपणा ठेवला की काम होते, नाहीतर दुसरे बोट. दोन ओळखदारांचेही अंगठे लागतात, त्यांना वेळ सांगून ठेवा. आणि एजंट “इथे लावा” म्हणाला तरी आधी स्क्रीनवरचा मसुदा तुम्ही दुरुस्त केलेलाच आहे ना, हे बघा. नावाचे स्पेलिंग, फ्लॅट क्रमांक, तारखा, डिपॉझिट. दुय्यम निबंधकाकडून मंजुरी आली की नोंदवलेला दस्त आणि इंडेक्स टू उतरवून घ्या. “नंतर पाठवतो” म्हणणाऱ्या एजंटची उरलेली फी दस्त हातात येईपर्यंत देऊ नका.

किल्ली घ्यायच्या दिवशी दिवसाउजेडी जा. रिकाम्या घराचा एक सलग व्हिडिओ काढा, दारापासून सुरू करून. खिडकीकडच्या भिंती जवळून घ्या. मे महिन्यात घर बघितले असेल तर ओल दिसत नाही, दिसतो तो तिच्यावरचा ताजा रंगाचा चौकोन. गिझर दहा मिनिटे चालू ठेवा, बेसिनखाली हात फिरवा, प्रत्येक नळ पूर्ण उघडा. विजेच्या मीटरचे रीडिंग आकड्यांसह फोटोत घ्या. महावितरणच्या बारा आकडी ग्राहक क्रमांकावर थकबाकी दिसते का ते तिथेच मोबाइलवर तपासा. पाइप गॅस असेल तर त्याचाही मीटर. पंखे, कपाटे, किल्ल्या किती जोड, हे सगळे एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्या आणि व्हिडिओसह त्याच संध्याकाळी मालकाला ईमेल करा, म्हणजे त्यावर तारीख पडते. घर सोडताना हाच ईमेल उघडून शेजारी ठेवायचा आणि खोली-खोली फिरायचे.