टार्गेट इज बिझी: यूमाउंट करताना या चुका टाळा

लिनक्सवर एक्स्टर्नल डिस्क काढायला टर्मिनलमध्ये यूमाउंट मारलं आणि "टार्गेट इज बिझी" आलं की बरेच जण काय करतात, नेटवर शोधतात, कुठेतरी "-एल लावा" असं उत्तर सापडतं, लावतात, एरर गायब होतो, डिस्क उपटतात आणि खूश. एरर गेला म्हणजे प्रॉब्लेम गेला असं नसतं हो. कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, सांगत होतं की या डिस्कवर अजून कोणीतरी आहे, आपण फक्त त्याचं तोंड बंद केलं.

आधी एक किरकोळ गोष्ट उरकून टाकू. कमांडच्या स्पेलिंगमध्ये यूच्या पुढे एन नाही, थेट माउंट. एन टाकलात तर "कमांड नॉट फाउंड" येतं आणि लोक पॅकेज इन्स्टॉल करायला धावतात, काही गरज नाही.

-एल म्हणजे नक्की काय होतं

याला लेझी यूमाउंट म्हणतात. फाईल सिस्टम फोल्डरच्या झाडातून लगेच तोडली जाते, पण ती खरी बंद होते शेवटचा प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) तिला सोडेल तेव्हा. दारावरची पाटी काढली म्हणून भाडेकरू घर सोडत नाही, तसंच. कॉपी चालूच राहते, डेटाबेस लिहितच राहतो, फक्त आता माउंटच्या, म्हणजे जोडलेल्या डिस्कच्या, यादीत काही दिसत नाही, त्यामुळे तुम्हाला वाटतं झालं काम. मग त्याच डिस्कवर एफएससीके (डिस्क तपासणारी कमांड) चालवायला गेलं की डिव्हाईस वापरात आहे म्हणून नकार मिळतो आणि कोण वापरतंय ते शोधणं आधीपेक्षा अवघड झालेलं असतं. मॅन्युअलमध्येच लिहिलंय की नेटवर्क शेअर किंवा आत आणखी माउंट असलेल्या डिस्कवर हा ऑप्शन वापरलात तर लवकरच मशीन रीबूट करावं लागेल असं धरून चाला. माझ्या मते मशीन बंदच करायचंय आणि नेटवर्क शेअरचा सर्व्हर मेलाय, एवढ्यापुरताच हा ऑप्शन ठेवावा.

-एफचं वेगळंच. फाईल डिलीट करणाऱ्या आरएमला लावतो तसा जबरदस्तीचा एफ समजून लोक तो साध्या पेनड्राईव्हला लावतात. तो मुख्यतः पोहोचता न येणाऱ्या एनएफएससाठी (नेटवर्कवरच्या शेअरसाठी) आहे, ईएक्सटी4 सारख्या साध्या डिस्कच्या फाईल सिस्टमवर कोणी फाईल उघडून बसलं असेल तर एफ लावूनही बिझीच येणार.

मग बिझी कोणी केलंय ते बघायचं कसं

सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) लावून एलएसओएफ कमांड आणि पुढे माउंटपॉइंट (डिस्क ज्या फोल्डरवर जोडलीय तो), किंवा फ्यूजर -व्हीएम आणि माउंटपॉइंट. सुडो विसरू नका, नाहीतर दुसऱ्या युजरचे प्रोसेस नीट दिसत नाहीत. फ्यूजरच्या यादीत एक ओळ "कर्नल माउंट" अशी येते, ती बघून घाबरायचं नाही, ते म्हणजे ते माउंटच आहे, गुन्हेगार बाकीच्या ओळींमध्ये शोधायचा. शेजारी सी अक्षर असेल तर त्या प्रोसेसचं चालू फोल्डर तिथे आहे, एफ असेल तर फाईल उघडी आहे.

आणि पुष्कळदा गुन्हेगार आपलंच टर्मिनल निघतं. त्यातही एक प्रकार फार छळतो: तुम्ही त्या डिस्कच्या फोल्डरमध्ये असताना सुडो एसयू करून रूट (अ‍ॅडमिन) झालात, मग रूटच्या शेलमध्ये (कमांड घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) सीडी करून बाहेर आलात, तरी बिझी. का, तर ज्या शेलमधून तुम्ही रूट झालात तो मागे अजून त्याच फोल्डरमध्ये बसलाय. एक्झिट मारा, तिथूनही सीडी करा, मग यूमाउंट. टीमक्सचं (मागे चालू राहणाऱ्या टर्मिनलचं) विसरलेलं सेशनही असाच त्रास देतं.

आता यादीत काहीच दिसत नाही आणि तरी बिझी, इथे लोक वैतागून -एलकडे वळतात. थांबा जरा. एलएसओएफला प्रोसेस दिसतात, कर्नल स्वतः धरून बसलेल्या गोष्टी दिसतीलच असं नाही. त्या डिस्कवर स्वॅप फाईल (रॅम कमी पडली की वापरायची जागा) आहे का बघा, असेल तर आधी स्वॅपऑफ. त्या डिस्कवरची आयएसओ (डिस्क इमेज फाईल) लूप म्हणून माउंट केलीय का, लोसेटअपने कळेल. डिस्क एनएफएसवर एक्स्पोर्ट केलीय का, मग आधी एक्स्पोर्टएफएस -यू. आणि आत दुसरं काही माउंट आहे का, हे फाइंडएमएनटी झाडासारखं काढून दाखवतं, मग आतलं आधी, बाहेरचं नंतर, किंवा यूमाउंटला कॅपिटल आर लावून सगळं एकदम.

फ्यूजर -के: ही खरी भीतीदायक चूक

फ्यूजरला -केएम लावलं की तिथले सगळे प्रोसेस मारले जातात. पण तो फोल्डर त्या क्षणी माउंटपॉइंट नसेलच तर? तर फ्यूजर तो फोल्डर ज्या फाईल सिस्टमवर आहे ती धरतो, म्हणजे बहुधा सिस्टमची मुख्य (रूट) फाईल सिस्टम, आणि मग तुमचं अख्खं मशीन जातं. सर्व्हरवर एसएसएचने (दुरून जोडून) बसला असाल तर तुम्हीही गेलात. कॅपिटल एम हा ऑप्शन यासाठीच आहे, माउंटपॉइंट नसेल तर तो काही करतच नाही. तो लावल्याशिवाय -के टाइप करू नका, आणि खरं तर यादी बघून एकेक प्रोसेस नीट बंद करणंच बरं.

प्रॉम्प्ट आला म्हणजे कॉपी झाली?

नाही. सीपी (कॉपीची कमांड) संपलं म्हणजे डेटा रॅममध्ये गेला, डिस्कवर पोचलाच असं नाही. कर्नलच्या डीफॉल्टनुसार मोकळ्या होऊ शकणाऱ्या मेमरीच्या 20 टक्क्यांपर्यंत असा न लिहिलेला डेटा साठू शकतो, म्हणजे 16 जीबीच्या मशीनवर दोन-तीन जीबी सहज. पेनड्राईव्ह स्लो असेल तर यूमाउंट बराच वेळ नुसता अडकल्यासारखा दिसतो, तेव्हा तो अडकलेला नसतो, तो लिहीत असतो. कंट्रोल-सी मारू नका, उपटू तर अजिबात नका. प्रोक फोल्डरमधल्या मेमइन्फो फाईलमध्ये डर्टी नावाची ओळ असते, तिचा आकडा कमी होत जाताना दिसला की मन शांत राहतं. घाई करून काढलेल्या फॅट फॉरमॅटच्या पेनड्राईव्हला पुढच्या वेळी डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींमध्ये) "नॉट प्रॉपरली अनमाउंटेड" अशी तक्रार येते ती यामुळेच.

डेस्कटॉपवर सुडोच्या भानगडीत न पडता यूडिस्क्सकंट्रोल वापरा, आधी पार्टिशनवर अनमाउंट, मग पूर्ण डिस्कवर पॉवर-ऑफ. फिरणारी हार्ड डिस्क असेल तर हे दुसरं पाऊल मुद्दाम करा. डिस्क लक्सने (लिनक्सच्या एन्क्रिप्शनने) एन्क्रिप्ट केली असेल तर यूमाउंटनंतर क्रिप्टसेटअप क्लोज राहतं, ते बरेच जण विसरतात आणि कुलूप उघडंच.

काढल्यावर फोल्डर डिलीट करताना

माउंटपॉइंटचा रिकामा फोल्डर आरएम -आरएफने उडवायची सवय सोडा. एकाच जागी दोनदा माउंट झालेलं असू शकतं, तुम्ही एकदाच काढलं, खालचं अजून आहे, आणि आरएम सुखाने सगळा डेटा खाऊन टाकतो. क्रूटसाठी (एका फोल्डरमध्ये बनवलेल्या वेगळ्या सिस्टमसाठी) होम फोल्डर बाइंड करून, म्हणजे तिथेही जोडून, ठेवला असेल तर तो क्रूट उडवताना तुमचं होमही जाणार. आरएमडिर वापरा, फोल्डर रिकामा नसेल किंवा तिथे काही माउंट असेल तर तो सरळ नाही म्हणतो.

मॅकवाल्यांनो, तुमच्याकडे साधा यूमाउंट "रिसोर्स बिझी" म्हणून बऱ्याचदा नकार देतो आणि वर डिस्कयुटिल वापरून बघा असंही सुचवतो, ते ऐका. फक्त डिस्कयुटिल अनमाउंट एकच व्हॉल्यूम काढतं, एका डिस्कवर दोन पार्टिशन असतील तर अनमाउंटडिस्क लागतं, आणि केबल काढायचीच असेल तर सरळ इजेक्ट.