कीटकांची पुस्तके आणि विज्ञानखेळ : मुलांसोबत घरी कसे वाचावे, कसे खेळावे

कीटकांवरचे पुस्तक मुलांसाठी निवडताना सर्वांत आधी मुंगीचे चित्र असलेले पान उघडावे आणि तिचे पाय मोजावेत. पाय सहा आहेत एवढ्यावर समाधान मानू नये. ते सहाही पाय शरीराच्या मधल्या भागातून, म्हणजे वक्षातून, निघालेले दाखवले आहेत का, हेही पाहावे. कित्येक देखण्या पुस्तकांत मागचे पाय पोटाला चिकटवलेले असतात आणि आठ पायांचा कोळी निर्धास्तपणे कीटकांच्या रांगेत बसलेला असतो. अशी चूक आढळली म्हणून पुस्तक बाजूला टाकण्याचे कारण नाही. उलट, चुकीचे चित्र बरोबर चित्राशेजारी ठेवून ‘यांपैकी खरे कोणते?’ असे विचारले, की मूल खऱ्या मुंगीकडे निरखून पाहू लागते. कीटकांचे पुस्तक मुलांकडून पाठ करून न घेता ते त्यांना तपासू द्यावे, आणि वाचन असो वा खेळ, घरातील प्रत्येक कृतीची आखणी याच हेतूने करावी.

वाचताना पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत संपवण्याचा आग्रह नसावा. मुलाने त्या दिवशी पाहिलेल्या कीटकाचे पान आधी उघडावे, आणि उत्तर ज्या ओळीत आहे तिच्या अलीकडे थांबून मुलाचा अंदाज विचारावा : नाकतोड्याचे पिल्लू मोठ्या नाकतोड्यासारखे दिसत असेल, की अळीसारखे? अंदाज चुकला तरी तो आधी बोलून दाखवलेला असल्यामुळे पुढची ओळ लक्षात राहते. नाकतोड्याचे पिल्लू अंड्यातून बाहेर पडते तेव्हाच मोठ्या नाकतोड्यासारखे दिसते, फक्त त्याला उडण्याजोगे पंख नसतात. फुलपाखरू मात्र अंडे, अळी, कोष आणि प्रौढ अशा चार अवस्थांतून जाते. बोलणाऱ्या मुंग्यांच्या गोष्टींमुळे मुलांच्या मनात चुकीच्या कल्पना रुजतात, अशी भीती काही पालकांना वाटते. मला ती अनाठायी वाटते. गोष्ट संपल्यावर ‘यातले खरे काय आणि गमतीचे काय?’ एवढे विचारले, की लहान मुलेही हा निवाडा उत्साहाने करतात.

‘कीटकाला सहा पाय असतात’ हे वाक्य तर तपासण्यासाठीच जन्माला आले असावे. मूल सुरवंटाचे पाय मोजते आणि ते सहापेक्षा बरेच जास्त भरतात. अशा वेळी ‘पुस्तकात आहे तेच बरोबर’ असे सांगून विषय मिटवू नये. डोक्यामागच्या तीन जोड्या सांधे असलेल्या, टोकदार, खऱ्या पायांच्या असतात, आणि त्यांच्या मागचे पाय म्हणजे फांदीला धरून राहण्यासाठी असलेले मांसल, तात्पुरते आधार असतात, हे भिंगातून दाखवता येते. कुंचलपाद कुळातील फुलपाखरे याच्या उलट पेच टाकतात : ती चारच पायांवर उभी दिसतात, कारण त्यांची पुढची जोडी आखूड होऊन छातीशी दुमडलेली असते. भिंग डोळ्याजवळ धरून वस्तू पुढेमागे सरकवायची असते, हे मुलांना आधी शिकवावे. भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू नये आणि ऊन एकवटून कीटकांवर पाडू नये, हे दोन नियम त्याच वेळी सांगावेत.

घरच्या घरी करण्याजोग्या प्रयोगांत मुंग्यांच्या रांगेचा प्रयोग मला सर्वांत समृद्ध वाटतो. मुंग्यांच्या वाटेवर कागदाची रुंद पट्टी ठेवावी आणि तिच्या पलीकडच्या टोकाशी चिमूटभर साखर ठेवावी. कागदावरून सलग रांग सुरू होईपर्यंत वाट पाहावी. यास बराच वेळ लागू शकतो, म्हणून मधल्या काळात पुस्तक वाचावे. त्यानंतर कागद अलगद पाव वळसा फिरवावा. मुंग्या कडेपाशी येऊन थबकतात, शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) हलवत इकडेतिकडे शोधू लागतात आणि काही वेळाने रांग पुन्हा जुळते. अनेक जातींच्या मुंग्या चालताना जमिनीवर गंधाची खूण सोडतात आणि मागून येणाऱ्या तिच्या आधाराने चालतात, हे स्पष्टीकरण पुस्तकात मिळेल. मात्र तेथेच थांबू नये. कागद हलल्यामुळे मुंग्या केवळ बिथरल्या नसतील कशावरून, असा प्रश्न मुलाने विचारला नाही तर आपण विचारावा. मग रांग पुन्हा नीट जमल्यावर कागद उचलून होता त्याच दिशेने परत ठेवावा आणि या वेळी गोंधळ कमी होतो का, हे पाहावे. तुलनेसाठीची ही दुसरी फेरी गाळली, तर प्रयोगाचे निम्मे मोल जाते. काही जातींच्या मुंग्या गंधापेक्षा नजरेवर अधिक विसंबतात, त्यामुळे निकाल अपेक्षेप्रमाणे लागला नाही तरी तो नोंदवण्यासारखाच असतो.

मधमाश्यांचे खेळ मात्र मधमाश्यांशिवाय खेळावेत. डंखाचा धोका पत्करण्याचे काही कारण नाही. प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी १९१४च्या सुमारास मधमाश्यांना रंग कळतात हे दाखवले, तेव्हा त्यांनी निळे कार्ड वेगवेगळ्या गडदपणाच्या करड्या कार्डांमध्ये ठेवले होते. करडी कार्डे कशाला, हे मुलांना समजवायचे असेल तर रंगीत कागदांचा फोटो मोबाइलवर कृष्णधवल करून दाखवावा : निळा कागदही एक करडी छटा होऊन बसतो. रंग न दिसणाऱ्या मधमाशीला तो तेवढ्याच गडद करड्या कार्डापासून वेगळा ओळखता आला नसता. पण निळ्या कार्डावर खाऊ मिळण्याची सवय लागलेल्या मधमाश्या निळ्यावरच येत राहिल्या. अन्न कोणत्या दिशेला आणि किती लांब आहे हे मधमाश्या एकमेकींना नृत्यातून सांगतात; त्या नृत्याचा अर्थ उलगडणाऱ्या फ्रिश यांना १९७३चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या नृत्याचा सुरेख खेळ होतो. खोलीतील दिवा म्हणजे सूर्य मानावा आणि भिंतीवरच्या कागदावर सरळ वर जाणारी रेघ म्हणजे दिव्याची दिशा. एका मुलाने लपवलेल्या वस्तूची दिशा त्या रेघेशी कोन करून बोटाच्या थरथरत्या चालीने दाखवावी आणि अंतर जितके जास्त, तितकी चाल लांबवावी. दुसऱ्याने एक शब्दही न विचारता वस्तू शोधावी.

अळी पाळायची असेल तर ती ज्या झाडावर सापडली त्याच झाडाची, कीटकनाशक न फवारलेली ताजी पाने तिला रोज द्यावीत, कारण बहुतेक अळ्या ठरावीक वनस्पतींवरच जगतात. डबा हवेशीर असावा, त्यात पाणी साचू देऊ नये आणि कोषाला लटकण्यासाठी एखादी काटकी ठेवावी. केसाळ सुरवंटांना हात लावू नये. अनेकांच्या केसांमुळे त्वचेची आग होते. फुलपाखरू बाहेर आल्यावर पंख ताठ होऊन वाळेपर्यंत त्याला स्पर्श करू नये आणि नंतर, जेथे अळी मिळाली तेथेच, सोडून द्यावे. कधीकधी अळीतून किंवा कोषातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाश्या बाहेर पडतात, कारण त्यांच्या आईने अळीच्या अंगात अंडी घातलेली असतात. हे मुलांपासून लपवू नये. मूल हिरमुसेल हे खरे, परंतु पानापानावर आनंदी फुलपाखरे रंगवणाऱ्या पुस्तकांत हा भाग सहसा नसतो.

कीटकांची भीती वाटणाऱ्या मुलाला धीट बनवण्याच्या घाईने कीटक हातावर ठेवू नये; छायाचित्र, मग बंद पारदर्शक डबी, इतके अंतर बरेच दिवस चालते. अगदी लहान मुलांजवळ भिंग, डब्या आणि खेळाचे बारीक तुकडे सोडून जाऊ नये, आणि कीटक किंवा माती हाताळल्यावर सर्वांनीच हात धुवावेत.

प्रत्येक मुलाची एक नोंदवही असावी. तारीख, वेळ आणि जागा लिहून कीटकाचे चित्र आधी काढावे, पुस्तक नंतर उघडावे. क्रम उलटला तर मूल पाहिलेले चितारण्याऐवजी छापलेले चितारते. पुस्तकाशी न जुळणारी नोंद खोडायला लावू नये, तिच्याशेजारी प्रश्नचिन्ह करून ठेवावे. सुमारे १० लाख जातींचे वर्णन होऊनही कीटकांच्या असंख्य जातींची नोंद व्हायची आहे, त्यामुळे प्रत्येक कीटकाचे नाव सांगता येणे पालकांना बंधनकारक नाही. ‘भुंगेरा, जात माहीत नाही’ एवढे लिहून पुढे जावे आणि तोच कीटक पुन्हा दिसला की जुनी पाने चाळावीत.