कोंबडीच्या अंडनलिकेची स्लाइड कशी करावी आणि कशी वाचावी

अंडी देणाऱ्या कोंबडीची अंडनलिका सुमारे ६५ ते ७० सेंटीमीटर लांब असते आणि ती फक्त डाव्या बाजूलाच पूर्ण वाढलेली असते. पोट उघडल्यावर नलिकेला हात लावण्याआधी अंडे नेमके कोणत्या भागात आहे, हे वहीत टिपून घ्यावे. ही नोंद राहून गेली, तर स्लाइड कितीही सुबक झाली तरी ती वाचताना फसगत होते, कारण येथील ग्रंथी अंडे येण्यापूर्वी भरलेल्या आणि ते पुढे सरकल्यावर बऱ्याच रिकाम्या दिसतात. ग्रंथी रिकाम्या होऊन ओसरलेल्या मॅग्नमला (पांढरा बलक चढवणाऱ्या भागाला) मी स्वतः एकदा इस्थमस (त्याच्या पुढचा भाग) समजून बसलो होतो.

नरसाळे, मॅग्नम, इस्थमस, कवचग्रंथी आणि योनी या पाचही भागांतून, तसेच शेवटच्या दोन भागांच्या सांध्यातून, ताजे असतानाच लहान तुकडे घ्यावेत. नलिका उभी चिरली असेल तर ती जाड कागदावर सपाट टाचावी, नाहीतर फॉर्मालिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) ती गुंडाळते आणि वळ्या, म्हणजे आतल्या अस्तराच्या घड्या, तिरप्या कापल्या जातात. कवचग्रंथीत अंडे असेल तर ते न फोडता काढावे. कवचाचा कण राहिला तर मायक्रोटोमच्या (पातळ छेद कापणाऱ्या यंत्राच्या) पात्याला खाच पडते. १० टक्के बफर्ड फॉर्मालिनमध्ये २४ तास ठेवून, मेणात बसवून, ५ मायक्रॉन जाडीचे छेद घ्यावेत आणि ते हिमॅटॉक्सिलिन व इओसिनने रंगवावेत.

वाचताना कमी वर्धनापासून सुरुवात करावी. मॅग्नममध्ये, जिथे अंड्यावर पांढरा बलक चढायला सुमारे तीन तास लागतात, वळ्या उंच व रुंद असून त्यांत नलिकाकार ग्रंथी खच्चून भरलेल्या असतात. इस्थमसच्या वळ्या त्यामानाने बुटक्या असतात, आणि या दोहोंच्या मध्ये ग्रंथीविरहित असा अरुंद पट्टा लागतो, जो ताज्या नलिकेत नुसत्या डोळ्यांनाही अर्धपारदर्शक दिसतो. अंडे जिथे सुमारे २० तास थांबते त्या कवचग्रंथीच्या वळ्या पानांसारख्या असतात.

सर्वाधिक वेळ मात्र कवचग्रंथी आणि योनी यांच्या सांध्याला द्यावा, कारण शुक्राणू साठवणाऱ्या सूक्ष्म नलिका तेथेच असतात आणि एखाद्याच छेदात त्या हमखास सापडतील असे नाही. म्हणून लागोपाठचे बरेच छेद पाहावेत. वळ्यांखालच्या संयोजी ऊतीत, पक्ष्माभिका (पेशीवरचे केसांसारखे सूक्ष्म तंतू) नसलेल्या उंच स्तंभाकार पेशींनी वेढलेल्या या साध्या नलिका दिसतात. कोंबड्यापासून वेगळी केलेली कोंबडी दोन-तीन आठवडे फलित अंडी देऊ शकते, ती यांच्याच जोरावर. नशीब असेल तर पोकळीत शुक्राणूंची जुडी एका दिशेला डोकी करून पडलेली सापडते. पेशींतील केंद्रकांच्या वरच्या रिकाम्या जागा म्हणजे मेणाच्या प्रक्रियेत धुऊन गेलेली मेदबिंदूंची जागा होय. ते बिंदू पाहायचे असल्यास त्याच भागाचा, मेणात न घातलेला दुसरा तुकडा गोठवून कापावा आणि ऑइल रेड ओ या रंगाने रंगवावा.