ब्रूमबॉल लीगमध्ये नाव घालण्याआधी

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत एमएसला आलेल्या आपल्या मुलामुलींना हिवाळ्यात एक ईमेल हमखास येतो: इंट्राम्युरल, म्हणजे विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या आपसातल्या, ब्रूमबॉल लीगची नोंदणी सुरू झाली. सोबतच्या फोटोत हेल्मेट घातलेली पोरं साध्या बुटांवर बर्फात धावत असतात, हातात झाडूसारखं काहीतरी, पुढे एक केशरी चेंडू. निम्मे जण तो ईमेल उडवून टाकतात. उरलेले हौसेने टीम काढतात आणि त्यातल्या बऱ्याच टीम दोन-तीन मॅचमध्ये एकही धड सामना न हरता स्पर्धेबाहेर जातात, कारण नियमपुस्तिकेची जी पानं त्यांना बाहेर काढतात ती कोणी उघडलेलीच नसतात. मी मिनेसोटातल्या एका विद्यापीठात आधी खेळाडू, मग कॅप्टन आणि शेवटी पगारी रेफरी म्हणून ही लीग पाहिली. त्या पानांबद्दल लिहिते आहे. आकडे आमच्या लीगचे आहेत. तुमच्याकडे थोडा फरक असेल, पण साचा बहुतेक ठिकाणी हाच.

खेळ आधी थोडक्यात. आइस हॉकीचीच रिंक, म्हणजे कठड्याने वेढलेलं बर्फाचं मैदान, हॉकीचेच गोलपोस्ट, दोन्ही बाजूंना गोली (गोलरक्षक) धरून सहा-सहा जण. स्केट्स नाहीत. काठीच्या टोकाला रबराचं किंवा प्लॅस्टिकचं त्रिकोणी पातं, त्याने चेंडू ढकलायचा. कॅनडातल्या सास्कॅचेवान प्रांतातल्या पर्ड्यू गावी 1909 साली हा खेळ झाल्याची नोंद सांगतात. तेव्हा खरेखुरे झाडू वापरत. मिशिगनच्या वरच्या टोकाला हॉटन नावाचं गाव आहे, जिथे हिवाळ्यात सरासरी 200 इंचांहून जास्त बर्फ पडतो. तिथल्या मिशिगन टेक विद्यापीठात उघड्यावरच्या रिंकवर ब्रूमबॉल खेळतात आणि त्याचं वेड एवढं की 1922 पासून चालत आलेल्या तिथल्या विंटर कार्निव्हलइतकंच त्याचंही नाव निघतं.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट स्केट्स नसण्याची. मी जळगावची. बर्फ म्हणजे उसाच्या रसातला, एवढीच ओळख. पण मिनेसोटातली चार वर्षांची असल्यापासून स्केटिंग करणारी मुलगी आणि मी, दोघी बूट घालून रिंकवर उतरलो की दोघींची सारखीच तारांबळ उडते. गुडघे किंचित वाकवायचे, पावलं छोटी टाकायची, आणि थांबायचं असेल तर थांबायच्या जागेच्या बरंच आधी ठरवायचं. एवढं जमलं की पहिल्याच हंगामात माणूस खेळायला लागतो. लीगचे बरेचसे नियम ही बरोबरी टिकवण्यासाठीच आहेत. खिळ्यांचे किंवा स्टडचे बूट चालत नाहीत, तळव्याला टेप किंवा वाळूचा कागद चिकटवलेला चालत नाही, आणि एका टीममध्ये आइस हॉकी क्लबचे दोनच खेळाडू चालतात. विद्यापीठाच्या मुख्य हॉकी संघातला तर एकही नाही.

नोंदणी ऑनलाइन होते. आमच्याकडे आयएमलीग्ज नावाच्या साइटवर व्हायची, पुष्कळ विद्यापीठांत तीच आहे. कॅप्टनने टीम उघडायची, फी भरायची आणि नियमांवरची एक छोटी प्रश्नावली सोडवायची. बाकीच्यांनी आपापल्या लॉगिनने टीममध्ये यायचं आणि वेव्हरवर सही करायची, म्हणजे इजा झाली तर धोका पत्करून खेळलो हे मान्य करायचं. टीम जमत नसेल तर 'फ्री एजंट' यादीत नाव टाका, ज्यांना माणसं कमी पडतात ते तिथून उचलतात. आपल्यातले बहुतेक जण लाजेपोटी हे करत नाहीत आणि मग दोन वर्षं फक्त देशी लोकांतच काढतात. टीमचं नाव ठेवताना भाषा कोणाला कळते म्हणून काहीबाही ठेवू नका. लीग चालवणाऱ्या ऑफिसात मराठी, तेलुगू, हिंदी जाणणारा एक तरी विद्यार्थी कामाला असतोच, आणि तो हसत हसत साहेबांना अर्थ सांगतो.

आता ओळखपत्र. दर मॅचला रिंकच्या टेबलावर कार्ड स्वाइप केल्याशिवाय हेल्मेट मिळत नाही. माणूस कमी पडला की आपल्याकडे पहिला विचार येतो, 'अरे, त्याचं कार्ड घेऊन ये, कोण बघतंय?' बघतात. कार्डावरचा फोटो स्क्रीनवर येतो आणि टेबलावरच्या मुलीला नेमकं हेच काम दिलेलं असतं. दुसऱ्याच्या कार्डावर खेळणं हा खेळातला फाउल धरत नाहीत, ती फसवणूक धरतात. मॅच जाते, दोघंही निलंबित होतात आणि प्रकरण विद्यार्थी-शिस्तीच्या ऑफिसपर्यंत जाऊ शकतं. व्हिसावर राहणाऱ्याने एका मॅचसाठी आपल्या नावाची तिथे फाइल उघडून घेऊ नये. तसंच दोन टीममधून खेळणं. एका विभागात एकच टीम. ज्या टीमकडून आधी उतरलात तीच तुमची. दुसरीकडून खेळलात तर तो सामना त्या दुसऱ्या टीमचाही जातो, आणि त्या टीममधले लोक बहुधा तुमचे रूममेट असतात.

सगळ्यात जास्त टीम मात्र मरतात त्या वेळेवर न आल्यामुळे.

संध्याकाळची रिंक हॉकीवाल्यांची, त्यानंतर गावातल्या लहान मुलांच्या क्लबची, आणि त्यांचं झालं की आपली. म्हणजे मॅच रात्री पावणेअकराला, कधी साडेअकराला. शेवटची बस तोवर गेलेली असते आणि बाहेर उणे वीस. वेळेवर किमान चार खेळाडू सही करून, हेल्मेट बांधून बर्फावर हवेत. नसतील तर दहा मिनिटं थांबतात, तीही फुकट नाहीत. आमच्याकडे त्या दहा मिनिटांत समोरच्या टीमच्या खात्यावर एक गोल चढायचा. दहा मिनिटं संपली की फॉरफिट. फॉरफिट म्हणजे हार, वर नोंदणीच्या वेळी ठेवलेल्या अनामतीतून दंड, आणि वर्तणुकीच्या गुणांत शून्य. दोनदा फॉरफिट केलं की टीम लीगमधून बाद. यातून सुटायचा सरळ रस्ता नियमपुस्तिकेतच दिलेला असतो: डिफॉल्ट. आदल्या दिवशी दुपारपर्यंत ऑफिसला ईमेल टाकायचा की आम्ही येऊ शकत नाही. मॅच जाते, पण दंड नाही आणि गुणही मधले मिळतात. मिडटर्मच्या आठवड्यात हा ईमेल टाकण्यात कमीपणा नाही. कडाक्याच्या थंडीत एवढ्या रात्री समोरची टीम तयार होऊन आली आणि तुम्ही उगवलाच नाहीत, तर त्यांना काय वाटेल याचा विचार केला की हा नियम एवढा कडक का आहे ते कळतं.

प्रत्यक्ष खेळातले फाउल फार नाहीत, पण क्रिकेट-कबड्डीवर वाढलेल्यांच्या अंगातल्या दोन सवयी इथे आडव्या येतात. पहिली, बॅट उचलल्यासारखी काठी मागे उचलून चेंडू हाणणं. पातं कमरेच्या वर गेलं की शिट्टी, मग कोणाला लागो न लागो. दोन मिनिटं बाहेर बसायचं आणि टीमने पाच जणांत भागवायचं. खांद्याच्या वर गेलं आणि कोणाला लागलं तर थेट हकालपट्टी. चेंडू हाणायचा नसतो, ढकलायचा असतो. पातं चेंडूला चिकटवून मनगटाने पुढे लोटलं तर तो रिंकभर जातो, जोर लावावाच लागत नाही. दुसरी सवय, चेंडू निसटताना अंग झोकून देणं. घसरत जाऊन चेंडू अडवला आणि समोरचा त्या पायांवर पडला तर ते 'स्लाइड टॅकल', तुमची दानत कितीही चांगली असली तरी. तोल जाऊन पडलात तर गुन्हा नाही, पडल्या पडल्या खेळलात तर आहे. रेफरी झाल्यावर मला हा फरक ओळखायला बराच वेळ लागला. शेवटी मी पाय बघायचं सोडून हात बघायला लागले. खरोखर पडणारा माणूस काठी सोडून हात टेकतो.

धक्का देणं, कठड्यावर दाबणं, काठीने पाय अडकवणं, हे अर्थातच बंद. हाताने चेंडू थांबवून खाली टाकता येतो, पण पकडता येत नाही आणि साथीदाराकडे लोटता येत नाही. पायाने पास चालतो, पायाने गोल नाही. गोलीच्या समोरच्या निळ्या अर्धवर्तुळात उभं राहायचं नाही. बदली खेळाडू चालू खेळात आत येतो, पण बाहेर जाणारा कठड्यापाशी पोचल्यावर. घड्याळ न थांबता पळतं, पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव. वाचून वाटतं काहीच नाही. तिसऱ्या मिनिटाला छाती भात्यासारखी चालायला लागते, म्हणून दहा जण तरी न्या.

वर्तणुकीचे गुण हा प्रकार आपल्याकडे कुठल्याच स्पर्धेत मी पाहिला नव्हता. दर मॅचनंतर रेफरी दोन्ही टीमना चारपैकी गुण देतात, आणि हंगामाची सरासरी तीनच्या खाली गेली तर सगळ्या मॅच जिंकूनही प्लेऑफमध्ये, म्हणजे शेवटच्या बाद फेरीत, प्रवेश नाही. हा नियम मला अजूनही थोडा जाचक वाटतो, कारण गुण देणारा रेफरी वीस वर्षांचा, रात्री बारा वाजता थंडीने काकडलेला असतो आणि त्याचा मूड त्यात उतरतोच. पण नियम आहे. गुण कापले जातात ते मुख्यतः तोंडामुळे. रेफरीशी बोलायचा हक्क फक्त कॅप्टनला. बाकी चौघांनी घेराव घालून 'रेफ, रेफ' सुरू केलं की आधी ताकीद, मग पेनल्टी. शिव्या मराठीत दिल्या तरी सूर कळतो.

हरकत घ्यायची सोय असते, पण कशावर घेता येते ते नीट समजून घ्या. चेंडू रेषेच्या आत गेला की नाही, धक्का मुद्दाम मारला की नाही, हे रेफरीच्या नजरेवर. त्यावर अपील नाही. नियमच चुकीचा लावला, म्हणजे दोन मिनिटांच्या पेनल्टीला पाच मिनिटं बसवलं, तर हरकत घेता येते. तीही खेळ पुन्हा सुरू व्हायच्या आत, तिथल्या तिथे. दुसऱ्या दिवशी लांबलचक ईमेल लिहून उपयोग नाही. कॅप्टन असताना मी नियमपुस्तिकेचं ते एक पान फोनमध्ये स्क्रीनशॉट करून ठेवलं होतं आणि एकदा ते उपयोगी पडलं.

बाहेर काढलं तर बेंचवर बसून टोमणे मारता येत नाहीत. इमारतीच्या बाहेर, नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यापलीकडे जावं लागतं. त्यानंतर ऑफिसात जाऊन कोऑर्डिनेटरला भेटेपर्यंत कुठलाच खेळ नाही, बॅडमिंटनसुद्धा. दारू पिऊन आलेल्यालाही हाच न्याय, आणि तुमची टीम त्याला घेऊन आली म्हणून टीमचेही गुण जातात. प्रेक्षक म्हणून आलेले मित्र टीमच्याच खात्यात धरतात.

इजांबद्दल थोडं सविस्तर, कारण वेव्हरवर सही करताना कोणी थांबत नाही. हेल्मेट लीग देते, आणि ते घालायलाच लागतं; आधीच्या पोराच्या घामाने ओलं असतं, म्हणून आत पातळ टोपी घाला. गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड स्वतःचे घ्या, जुन्या सामानाच्या दुकानात व्हॉलीबॉलचे स्वस्तात मिळतात. जीन्स नको, एकदा भिजली की रात्रभर गार. दात वाचवणारा माउथगार्ड सक्तीचा नसला तरी घ्या, कारण विद्यार्थ्यांच्या विम्यात दातांचं बहुधा नसतं. डोक्याला मार लागला आणि रेफरीला शंका आली तर त्या रात्री पुन्हा खेळू देत नाहीत, तुम्ही कितीही 'आयॅम फाइन' म्हणा. रक्त आलं तर ते थांबेपर्यंत आणि डागाळलेला शर्ट बदलेपर्यंत बाहेर. ॲम्ब्युलन्स स्टाफ बोलावतो, बिल तुमच्या नावावर येतं. मनगट दुखावल्यासारख्या गोष्टीला रात्रीच इमर्जन्सी रूम गाठायच्या आधी विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राच्या फोन लाइनवर नर्सशी बोला. विम्याचा डिडक्टिबल, म्हणजे विमा लागू व्हायच्या आधी खिशातून भरायची रक्कम, किती आहे ते खेळायच्या आधी पाहून ठेवा, प्लास्टर घालताना नको.

को-रेक, म्हणजे मुलं-मुली एकत्र खेळतात त्या, विभागात मुली किती हव्यात याचा नियम असतो, आमच्याकडे गोली सोडून किमान दोन. काही ठिकाणी मुलीने केलेल्या गोलला दोन गुण देतात. मला ते कधीच आवडलं नाही. मग सगळे जण चेंडू आणून तुमच्या पायाशी टाकतात आणि तुम्ही गोलसमोर खांबासारख्या उभ्या. नियम न वाचता टीम काढणारे मात्र मुली शेवटी शोधायला लागतात आणि मॅचच्या दिवशी डिपार्टमेंटच्या ग्रुपवर विनवण्या सुरू होतात.

शेवटचं, पैशाचं. या लीगचे रेफरी विद्यार्थीच असतात आणि त्यांना ताशी पगार मिळतो. खेळ येणं सक्तीचं नाही, प्रशिक्षण तेच देतात: दोन-तीन संध्याकाळी वर्गात नियम, मग रिंकवर शिट्टी आणि हातांच्या खुणा. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासांपर्यंत काम करता येतं आणि हे काम त्यात बसतं. पण 20 तासांची टीएशिप किंवा आरएशिप (शिकवण्यातलं किंवा संशोधनातलं सहायकाचं पगारी काम) आधीच असेल तर मर्यादा संपलेली असते, तेव्हा इंटरनॅशनल ऑफिसला विचारल्याशिवाय हो म्हणू नका. इथे कॅम्पस रिक्रिएशन, म्हणजे विद्यापीठातल्या खेळांची व्यवस्था बघणं, हा पूर्ण वेळेचा पेशा आहे. 1913 साली मिशिगन आणि ओहायो स्टेट विद्यापीठांनी इंट्राम्युरलचे स्वतंत्र विभाग काढले, आणि 1950 साली न्यू ऑर्लीन्समध्ये विल्यम वॉसन यांच्या पुढाकाराने कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांतली माणसं एकत्र येऊन या पेशाची जी संघटना उभी राहिली, ती आज निर्सा या नावाने देशभर ओळखली जाते. रेफरीपासून सुपरवायझर, तिथून ग्रॅज्युएट असिस्टंट अशी वाट असते, आणि काही विद्यापीठांत त्या शेवटच्या पदाला फी माफी असते. मला रिझ्युमेवर याचा उपयोग झाला तो असा, की मुलाखतीत 'कठीण प्रसंग कसा हाताळला' या प्रश्नाला माझ्याकडे सांगण्यासारखं भरपूर होतं. ब्रूमबॉलच्या रेफरींची भरती नोंदणीच्या ईमेलच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू होते, बहुतेक वेळा फॉल सेमिस्टर संपत असताना, आणि तो ईमेल वेगळा येतो. परीक्षांच्या धांदलीत तो चुकतो, तेव्हा नोव्हेंबरातच रिक्रिएशन सेंटरच्या काउंटरवर जाऊन नाव देऊन या.