वीस कॅबचा ताफा: गाडी कुठे लावायची आणि चार्जिंगला कधी घ्यायची

हिंजवडीसारख्या ठिकाणी कर्मचाऱ्यांची ने-आण करण्यासाठी विजेवरच्या कॅब घ्यायच्या ठरल्या की बहुतेक मालक सर्वांत आधी चार्जरचे कोटेशन मागवतात. चार्जर ही सर्वांत शेवटी घ्यायची वस्तू आहे, असे माझे ठाम मत आहे. त्याआधी निदान पंधरा दिवस प्रत्येक गाडी किती वाजता परतते, परतताना बॅटरीत किती टक्के शिल्लक असते आणि पुढची फेरी किती वाजता निघते, या तीन नोंदी वहीत उतरवाव्यात. संपूर्ण वेळापत्रक याच तीन आकड्यांवर उभे राहते.

उदाहरणादाखल २६ युनिटची (किलोवॅट-तासांची) बॅटरी असलेल्या वीस कॅब घेऊ. शहरात एका युनिटला साधारण सात किलोमीटर धरले, तर रोजच्या १४० किलोमीटरसाठी एका गाडीला २० युनिट लागतात. चार्जिंगमध्ये दहा-बारा टक्के वीज वाया जाते, म्हणून मीटरवर साडेबावीस युनिट पडतात आणि वीस गाड्यांचे मिळून ४५० होतात. रात्री सगळ्या गाड्या एकदम ७.४ किलोवॅटच्या चार्जरला लावल्या तर भार १४८ किलोवॅटवर जातो. तेवढा भार मंजूर करून घ्यायचा तर जोडणीचा खर्च वाढतो, जवळच्या रोहित्रात (ट्रान्सफॉर्मरमध्ये) क्षमता नसेल तर स्वतंत्र रोहित्राची वेळ येते आणि त्यापुढे दरमहा स्थिर आकारही भरत राहावे लागते. प्रत्यक्षात इतक्या भाराची गरजच नसते.

कर्मचारी वाहतुकीच्या गाड्या सकाळची पाळी सोडून आल्या की साधारण अकरा ते तीन रिकाम्या उभ्या असतात. हा वेळ फार मोलाचा आहे, कारण वीज ग्राहक हक्क नियमांत २०२३ साली झालेल्या दुरुस्तीनुसार सौर तासांतला, म्हणजे दिवसा सौर वीज मिळते त्या वेळेतला दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचा आहे, आणि विजेची मागणी सर्वांत जास्त असते त्या तासांतला दर त्याउलट चढा असतो. आपल्या वर्गवारीला नेमके कोणते तास लागू आहेत, ते महावितरणच्या चालू दरपत्रकातून आणि स्वतःच्या बिलातून पाहून घ्यावे. ४५० पैकी १८० युनिट दुपारच्या चार तासांत आणि २७० युनिट रात्री दहा ते पहाटे चार या सहा तासांत भरले, तर दोन्ही वेळा सरासरी ४५ किलोवॅट पडतात. म्हणजे एका वेळी सहाच गाड्या चार्ज व्हायला हव्यात. हे ७.४ किलोवॅटचे एसी चार्जर सिंगल फेजचे, म्हणजे जोडणीच्या तीनपैकी एकाच फेजवर चालणारे असतात, तेव्हा आर, वाय आणि बी या प्रत्येक फेजवर दोन-दोन गाड्या येतील अशी मांडणी इलेक्ट्रिशियनकडून लेखी घ्यावी. अडचणीसाठी ३० किलोवॅटचा एक डीसी चार्जर (बॅटरीला थेट वीज देणारा जलद चार्जर) असावा, मात्र तो चालू असताना चार एसी चार्जर बंद राहतील असे बंधन पाळावे. एवढे केले की ६० किलोवॅटच्या मंजूर भारात सगळा ताफा चालतो.

आता क्रम कसा लावायचा? जी गाडी आधी आली ती आधी लावायची, ही सवय प्रथम मोडावी लागते. क्रम निघण्याच्या वेळेवरून ठरवायचा असतो. पहाटे साडेचारला निघणाऱ्या गाडीत १६ युनिट भरायचे असतील, तर नुकसान धरून पावणेअठरा युनिट होतात आणि ७.४ किलोवॅटने त्यांना सुमारे दोन तास पंचवीस मिनिटे लागतात. वर पाऊण तास राखीव ठेवला, तर रात्री सुमारे सव्वाला गन (चार्जरच्या वायरचे प्लगसारखे तोंड) लागलीच पाहिजे. हीच त्या गाडीची ‘अखेरची वेळ’. प्रत्येक गाडीसमोर ती फळ्यावर लिहावी आणि जिची सर्वांत लवकर संपते तिला सर्वांत आधी घ्यावे. मात्र गाडीतला चार्जर ३.३ किलोवॅटचाच असेल, तर बाहेर कितीही मोठा एसी चार्जर असला तरी त्याच गाडीला पाच तासांहून अधिक लागतात आणि अखेरची वेळ रात्री साडेदहाच्या आसपास येते. म्हणून गाडी घेतानाच हा आकडा विचारून घ्यावा.

पार्किंगचा आराखडा याच क्रमातून निघतो. साडेचारची गाडी फाटकाजवळ हवी, आणि एका गाडीमागे दुसरी गाडी अडकेल अशी रांग कुठेही नसावी. गाडी चार्जिंग बिंदूपासून पाच मीटरच्या आत यावी, सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच असावे आणि एक्स्टेंशन वायर वापरू नये, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम सांगतात. चार्जिंगचे तोंड पुढे आहे की मागे, यावरून गाडी सरळ लावायची की रिव्हर्स, ते ठरते. ते जमिनीवर रंगवूनच टाकावे. पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात चार्जर बसवण्याआधी एक पावसाळा ती जागा पाहता आली तर उत्तम. सहा गाड्या एका वेळी चार्ज होणार असल्या तरी बिंदू मात्र बारा ठेवावेत आणि एकूण भारावर मर्यादा घालणारी यंत्रणा घ्यावी, म्हणजे रात्री गाड्यांची अदलाबदल करत बसण्याची वेळ कमी येते.

एक प्रसंग मी विसरू शकत नाही. एका ताफ्यात ड्रायव्हरने गन लावली, ती ‘टक’ आवाज होईपर्यंत आत गेली नाही, आणि तो दमलेला माणूस दिवा न पाहताच झोपायला गेला. पहाटे चारला त्या गाडीत १८ टक्के होते आणि रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या चौघीजणी कंपनीच्या गेटवर तासभर ताटकळल्या. तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाणी एकच नियम आग्रहाने लावतो: गन लावल्यावर दहा मिनिटांनी सुपरवायझरने स्वतः गाडीपाशी जाऊन टक्के वाचायचे आणि फळ्यावर वेळेसह लिहायचे. रात्री एक वाजता हीच फेरी पुन्हा मारायची. तेव्हा ज्या गाडीचा आकडा पुढे सरकलेला नाही, तिला लगेच डीसी चार्जरला न्यायचे आणि चार एसी चार्जर तेवढ्यापुरते बंद ठेवायचे.